खेडला सेनापती का लढला नाही? साताऱ्याच्या यादवीची गोष्ट

काल्पनिक राज्यांच्या गोष्टींत यादवी पेटली की एक सरदार हमखास भेटतो. गादी एक, वारस दोन, आणि मधे हा आपली फौज घेऊन उभा. तो कोणाकडे झुकतो यावर सगळा खेळ अडलेला असतो. बघणारे त्याला लगेच ‘निष्ठावंत’ किंवा ‘गद्दार’ ठरवून मोकळे होतात.

आपल्या भागात हा प्रसंग खराखुरा घडलेला आहे. 1707 ते 1731 या काळात शिवाजी महाराजांच्या दोन सुनांच्या घरांत, म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र शाहू आणि राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई यांच्यात, गादीसाठी झगडा झाला. त्यातूनच साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या उभ्या राहिल्या. (हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत. ते दीडशेहून अधिक वर्षांनी झाले. हा घोळ साताऱ्यातसुद्धा होतो.) या झगड्यात निर्णायक ठरला तो सेनापती धनाजी जाधव. आणि तो निर्णायक ठरला तो न लढून.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1689 च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केले. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला निसटले, तिथून राज्य चालवले, पुढे परत आले आणि 1700 मध्ये सिंहगडावर वारले. त्यानंतरची सात वर्षे ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावाने कारभार केला. नुसता कारभार नव्हे. औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत फिरत होता आणि ही बाई तेच किल्ले मागून परत घेत होती. साताऱ्याचा किल्ला, म्हणजे अजिंक्यतारा, त्याने 1700 मध्ये मोठ्या वेढ्यानंतर घेतला, त्याला आझमतारा नाव दिले, आणि 1706 मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. मार्च 1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मेला. त्या वेळी जिंकलेली बाजू म्हणायची तर ती ताराबाईंची होती.

औरंगजेबाच्या मुलांतही लगेच भाऊबंदकी सुरू झाली. शाहजादा आझम भावाशी लढायला उत्तरेकडे निघाला, आणि मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने त्याने मे 1707 मध्ये वाटेत भोपाळजवळ शाहूंना सोडून दिले. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. त्या सुटल्या थेट 1719 मध्ये. मोगलांचा हिशेब सरळ होता. मराठ्यांना आपण पंचवीस वर्षांत हरवू शकलो नाही, मग दुसरा वारस त्यांच्या अंगणात सोडू आणि मजा बघू. या डावाला शत्रूचा डाव म्हणून आपण नावे ठेवतो, पण तो फार हुशार डाव होता, हे कबूल केले पाहिजे.

आता प्रश्न हक्काचा. शाहूंची बाजू अशी की थोरल्या मुलाचा मुलगा तोच वारस. राजाराम महाराजांनी सुरुवातीला राज्य हाती घेतले ते शाहू कैदेत असल्यामुळे, त्यांच्या वतीने. ताराबाईंची बाजू अशी की थोरल्या महाराजांचे राज्य संभाजीराजांच्या वेळी गेले. नंतरचे राज्य माझ्या नवऱ्याने आणि मी नव्याने मिळवले, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. दोन्ही बाजूंना वजन आहे. मला स्वतःला ताराबाईंचे म्हणणे जास्त पटते, पण सरदारांनी कौल दिला तो दुसऱ्या बाजूला, आणि तो का दिला हे समजून घ्यायचे तर हक्काची चर्चा बाजूला ठेवून फौज बघावी लागते.

शिवाजी महाराजांच्या काळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळते, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन येतो. महाराजांचा भर पागेवर होता. पगार रोख, जहागीर शक्यतो नाही. म्हणजे स्वाराचे पोट थेट राजाच्या खजिन्याला बांधलेले. जिंजीच्या काळात ही घडी विस्कटली. खजिना नाही, राजा शेकडो कोस दूर, मुलूख शत्रूच्या ताब्यात. अशा वेळी सरदाराला देणार काय? तर अजून जिंकायचा असलेला मुलूख. ‘हा परगणा मोगलांकडून सोडव, त्याचा वसूल तुझा, त्यावर इतकी फौज ठेव’ अशी सनद निघू लागली. यालाच सरंजाम म्हणतात. या सनदांनी स्वराज्य वाचवले, यात शंका नाही. मोगलांना एक राजा पकडून लढाई संपवता येईना, कारण आता पन्नास ठिकाणी पन्नास सरदार स्वतःच्या मुलखासाठी लढत होते.

पण त्याची किंमत 1707 मध्ये वसूल झाली. स्वार राजाचा राहिला नव्हता, सरदाराचा झाला होता. साखर कारखान्याची ऊसतोड टोळी जशी मुकादमाची असते तसे. उचल मुकादमाने वाटलेली, टोळी त्याच्या शब्दावर गाव सोडून आलेली. तो दुसऱ्या कारखान्याला गेला की कोयते त्याच्यामागे जातात, चेअरमन कोण आहे हे टोळीला ठाऊकही नसते. धनाजी जाधव बाजू बदलतो म्हणजे एक माणूस बदलत नाही, हजारो घोडी बदलतात. आणि हे दोन्ही वारसांना पक्के ठाऊक होते.

रामचंद्रपंत अमात्यांनी राजनीतीवर जे लिहून ठेवले आहे, त्यात वतनदारांना लहान पण स्वतंत्र देशनायकच म्हटले आहे. या माणसाने जिंजीच्या काळात इकडचा सगळा कारभार रेटला होता, सनदांचा परिणाम डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे ते वाक्य पुस्तकी नाही.

दूधभाताची शपथ

शाहू खानदेशातून खाली येऊ लागले तशी माणसे मिळत गेली. वऱ्हाडाकडचे परसोजी भोसले आले, नेमाजी शिंदे आले, आणखीही आले. पहिल्यांदा आलेल्या या मंडळींची ठिकाणे नकाशावर बघितली तर बहुतेक जण उत्तरेकडचे दिसतात. शाहूंच्या वाटेवरचे, ताराबाईंच्या हातापासून लांबचे. निष्ठा कुठे वळते यात भूगोलाचा वाटा बराच असतो.

ताराबाईंनी यावर दोन उपाय केले. एक, हा शाहू खरा नाहीच, तोतया आहे, असे जाहीर केले. हा आरोप आज हास्यास्पद वाटतो, पण विचार करा: सात वर्षांचे पोर गेले होते आणि पंचविशीचा तरुण परत आला होता. मधली सगळी वर्षे मोगलांच्या छावणीत. चेहरा ओळखणार कोण? म्हणूनच परसोजी भोसल्यांनी शाहूंसोबत एका ताटात जेवण केल्याची गोष्ट इतकी महत्त्वाची ठरली. भोसल्यांचा मानकरी ज्याच्या ताटात जेवतो तो तोतया कसा असेल? शंभर कागदांनी झाले नसते ते एका पंगतीने केले.

दुसरा उपाय म्हणजे शपथ. ताराबाईंनी आपल्या सरदार-मुत्सद्द्यांकडून दूधभातावर शपथ घेतली की आम्ही तुमच्याच पुत्राचे राहू. त्या काळी ही शपथ फार भारी होती. तिचा भार कोणी कसा पेलला, यातच या यादवीचा सगळा नाट्यभाग आहे.

धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी (प्रतिनिधी हे दरबारातले एक मोठे पद) यांना शाहूंवर पाठवले गेले. परशुरामपंत मूळचे आपल्या कोरेगावजवळच्या किन्हईचे, ताराबाईंचे सर्वांत भरवशाचे माणूस. धनाजीराव सेनापती, मोगलांना पंधरा-वीस वर्षे सळो की पळो करून सोडलेले. ऑक्टोबर 1707 मध्ये भीमेच्या काठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या.

आता धनाजीरावांच्या जागी बसून बघू.

समोरचा माणूस खरा शाहू असेल तर आपण थोरल्या महाराजांच्या नातवावर तलवार उगारतो आहोत. आणि हे आपल्या शिलेदारांनाही कळते. आपण हुकूम दिला आणि अर्धी माणसे हललीच नाहीत तर? मैदानात न पाळला गेलेला हुकूम हा पराभवापेक्षा वाईट. दुसरे, लढून जिंकलो तरी मिळणार काय? ताराबाईंच्या दरबारात शब्द चालतो परशुरामपंतांचा. विजयाचे श्रेय तिकडे जाणार, मेलेली घोडी मात्र आपली. तिसरे, मोगल. एकमेकांत दमलो की झुल्फिकारखान येऊन उरलेले उचलणार, हे धनाजीरावांइतके कोणाला कळणार? आयुष्य त्यात गेले होते. आणि चौथे, शाहूंकडे गेलो तर सेनापतीपद कायम राहते. हा स्वार्थ झाला, मान्य. पण त्या काळात पद म्हणजे मुलूख आणि मुलूख म्हणजे हजारो घरांची चूल, हेही धरायला हवे.

शपथेचे काय? इथे धनाजीरावांना एक पळवाट होती, आणि गंमत म्हणजे ती ताराबाईंनीच दिली होती. तोतयाविरुद्ध लढायचे म्हणून पाठवले ना? मग आधी तो तोतया आहे का ते तर बघू. चिटणीस खंडो बल्लाळ यांनी गुपचूप शाहूंची भेट घेऊन खात्री केली आणि धनाजीरावांना सांगितले. खंडो बल्लाळांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, याच शाहूंच्या वडिलांनी मृत्युदंड दिला होता. तरी त्यांची साक्ष शाहूंच्या बाजूने गेली. अशा माणसाने ‘हा खरा आहे’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहत नाही. धनाजीरावांच्या पदरी वसुलाचे काम पाहणारे बाळाजी विश्वनाथ नावाचे एक कोकणी कारकून होते, त्यांनीही मन वळवण्यात भाग घेतला असे म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा.

लढाई म्हणावी तशी झालीच नाही. धनाजीरावांच्या फौजेने जोर लावला नाही आणि मग ते शाहूंना मिळाले. सैन्याची एक बाजू थांबली की दुसऱ्या बाजूने लढण्याला अर्थ उरत नाही. परशुरामपंत मागे वळले ते थेट साताऱ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसले. यादवीत सर्वांत मोठे हत्यार कोणते, तर न हललेली फौज. ती दोन्हीकडची माणसे वाचवते, आणि उद्या वारा फिरला तर सांगता येते की आम्ही काही तुमच्यावर चालून आलो नव्हतो. धनाजीरावांना ते सांगायची वेळ आली नाही. पुढच्याच वर्षी वारणाकाठी वडगावला ते वारले.

ज्यांना पळवाट नव्हती

त्याच शपथेने भोरच्या शंकराजी नारायण सचिवांचा जीव घेतला. राजगड-रोहिड्याचा सगळा डोंगरी मुलूख त्यांच्या हाती. शाहू खेडहून दक्षिणेला निघाले ते याच वाटेवर. लढावे तर धनी खरा आहे हे आता ठाऊक झालेले. मिळावे तर दूधभात आडवा येतो. शंकराजींनी आंबवड्याला जीव दिला. सेनापती ज्या फटीतून निसटला ती यांना दिसली नाही, किंवा दिसून घ्यावीशी वाटली नाही. शाहूंनी त्यांच्या तान्ह्या मुलाला सचिवपद दिले आणि तो मुलूख न लढता आपला केला. दया आणि डावपेच यांत फरक करणे इथे अवघड आहे.

दयाळू म्हणून शाहूंचे चित्र रंगवणाऱ्यांनी पुढचा प्रसंगही सांगावा. साताऱ्याकडे येताना शाहूंनी चंदन-वंदन हे जोडकिल्ले घेतले आणि विरोधी बाजूला असलेल्या अंमलदारांची बायकापोरे ताब्यात घ्यायला सुरुवात केली. अजिंक्यताऱ्यावर परशुरामपंत, पण किल्ल्याचा हवालदार शेख मीरा, त्याचे कुटुंब वाईला. शाहूंनी ते धरून आणले आणि किल्ला दिला नाहीस तर यांना तोफेच्या तोंडी देऊ असा निरोप पाठवला.

किल्ल्याच्या लढाईचा हा भाग नकाशावर दिसत नाही. अजिंक्यतारा हा नुसता ताकदीने घ्यायचा किल्ला नव्हे. औरंगजेबासारख्या बादशहाला डिसेंबर 1699 पासून एप्रिल 1700 पर्यंत तिथे बसून राहावे लागले होते. सुरुंगाने उडवलेला तट त्याच्याच माणसांवर कोसळला होता. शाहूंकडे ना तशा तोफा, ना तितका वेळ. म्हणून तट सोडून तटावरचा माणूस फोडायचा. शेख मीराने परशुरामपंतांना किल्ला सोडायला सांगितले, ते ऐकेनात, तेव्हा त्याने त्यांनाच कैद केले आणि दरवाजे उघडले. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. शेख मीराचे घराणे पुढे वाई भागात मानाने नांदले. त्याला गद्दार म्हणणारा कोणी मला अजून भेटला नाही, आणि वाईहून धरून आणलेल्या त्या माणसांचा विचार केला तर तसे म्हणवतही नाही.

परशुरामपंत मात्र हरूनही लगेच बदलले नाहीत. कैदेत पडले, पुढे सुटले, आणि शेवटी शाहूंच्याच दरबारात प्रतिनिधी झाले. हरलेल्याला परत यायला दार उघडे ठेवायचे, ही शाहूंची सवय होती. ज्याला माफी मिळणार नाही हे ठाऊक असते तो शेवटपर्यंत लढतो, आणि यादवी लांबते.

धनाजीरावांचा मुलगा चंद्रसेन याने उलटी वाट धरली. वडिलांनंतर सेनापतीपद त्याला मिळाले, पण वडिलांचा तो कोकणी कारकून बाळाजी विश्वनाथ आता सरकारतर्फे वसुलावर नजर ठेवायला त्याच्या डोक्यावर बसला होता. 1711 मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून दोघांत तलवारी निघाल्या. हरिण हे निमित्त. हिशेबाची वही कोणाकडे, हा खरा वाद. बाळाजीपंत जीव घेऊन पळाले ते वाईजवळच्या पांडवगडावर जाऊन लपले. चंद्रसेनाने शाहूंकडे त्यांची मागणी केली, ती नाकारली गेल्यावर तो ताराबाईंकडे गेला आणि तिथून निजामाकडे. म्हणजे एकाच घरात बापाने गादीसाठी बाजू बदलली आणि लेकाने कारकुनासाठी! शाहूंचे सेनापतीपद रिकामे, फौज अर्धी गेलेली. त्याच कारकुनाने कर्ज काढून नवी फौज उभी केली.

1713 मध्ये ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रे घाट चढून आले आणि त्यांनी शाहूंच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केले. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन आंग्र्यांकडे पाठवले. बाळाजीपंतांनी लढाई टाळून कान्होजींच्या हातात जे होते तेच त्यांना सनदेने दिले: किल्ले, सरखेल (आरमारप्रमुख) हा किताब, आरमार. बदल्यात एकच मागितले, शाहूंना छत्रपती माना. 1714 मध्ये करार झाला. समुद्रावर ज्याला हरवण्याची साताऱ्याची ऐपत नव्हती तो माणूस कागदाने आपला झाला. खर्च जवळपास शून्य, कारण दिलेली प्रत्येक गोष्ट आधीच त्याच्याकडे होती.

इकडे शिराळ्याकडे उदाजी चव्हाणांनी तर दोन्ही गाद्यांचा फायदा घेतला. नाव कोल्हापूरचे, मुक्काम बत्तीस शिराळ्याचा, आणि शाहूंनी शेवटी त्यांना शिराळा-कऱ्हाडची चौथाई देऊन शांत केले. दोन धनी भांडत असले की सीमेवरच्या सरदाराचे फावते, हे आजच्या सांगली जिल्ह्याच्या त्या टापूने तेव्हा पुरेपूर अनुभवले.

आणि परशुरामपंतांचे घर? थोरला मुलगा कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीचा प्रतिनिधी झाला, विशाळगड त्याच्याकडे. धाकटा श्रीपतराव 1718 मध्ये वडिलांच्या मागे साताऱ्याचा प्रतिनिधी झाला. कोणतीही गादी टिकली तरी घराणे टिकणार. 1730 मध्ये वारणेच्या काठी शाहूंच्या फौजेने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा (हे शाहूंचे वडील नव्हेत, राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणीचे पुत्र) आणि उदाजी चव्हाणांचा पराभव केला, तेव्हा त्या फौजेच्या आघाडीला होता हाच श्रीपतराव. छावणीत ताराबाईही सापडल्या. त्यांनी साताऱ्यालाच राहणे पसंत केले आणि शाहूंच्या मागे आणखी बारा वर्षे जगून 1761 मध्ये तिथेच वारल्या. त्यांची समाधी संगम माहुलीला आहे.

13 एप्रिल 1731 ला वारणेचा तह झाला. नदी ही सीमा ठरली: उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. त्या तहात मुलखाच्या वाटणीबरोबर आणखी एक कलम आहे. एकाची चाकरी सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्याने आपल्याकडे ठेवू नये.